साडेअकरा जोड्या

मुलांनो, आधी एक करा.

उजवा हात पुढे करा. मूठ अर्धी उघडी ठेवा. कुणाचा तरी हात धरल्यावर असते ना, तशी.

आता डोळे मिटा आणि मनातल्या मनात वीसपर्यंत मोजा. (डोळे मिटून वाचता येत नाही, हे मला कळतं. मोजून झालं की उघडा.)

तुमच्या हातात कुणाचाच हात नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

अगदी नक्की माहीत आहे ना?

...मलाही तसंच वाटायचं.

चौतीस वर्षं मी शाळेत शिकवलं. त्या चौतीस वर्षांत ‘इंजेक्शन मुळीच दुखत नाही’ यापलीकडे मी मुलांशी कधी खोटं बोलले नाही. मोठ्या माणसाशी मात्र एकदा एक वाक्य खोटं बोलले. ते वाक्य या गोष्टीत येईल.

बाकी सगळं जसं घडलं तसं सांगते. तिखटमीठ लावायची मला सवय नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. रात्री काय, कुणीही घाबरतं. ही घडली फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. बाहेर लख्ख ऊन होतं.

त्या वर्षी माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. चोवीस मुलं. सहल ठरली होती चुनखडीच्या गुहा बघायची. बसनं जायचं, गाइडबरोबर आत फिरायचं, संध्याकाळी परत.

सहलीला माझा एकच नियम असायचा. जोडी.

प्रत्येकाला एक जोडीदार. शाळेतून निघाल्यापासून घरच्यांच्या ताब्यात देईपर्यंत जोडीदाराला सोडायचं नाही. बसमध्ये शेजारी बसायचं आणि खाली उतरलं की हात धरायचा. त्यामुळे मला मुलं मोजावी लागत नसत. मी जोड्या मोजायची. मुलांच्या डोक्यावर हात ठेवत जायचं, दोन डोकी झाली की एक जोडी. बारा जोड्या भरल्या की झालं.

चेहरे मी बघत नसे. लक्षात ठेवा हे.

त्या दिवशी सकाळी एका मुलीच्या आईचा फोन आला. पोरगी तापानं फणफणली होती, येणार नव्हती.

तिची जोडीदार म्हणजे मुंगी.

खरं नाव काही का असेना, आम्ही तिला मुंगी म्हणायचो. एवढीशी, गप्प, आणि सांगितलेलं काम जिवावर उदार होऊन करणारी. एकदा मी तिला म्हटलं होतं, “नळापाशी थांब, आलेच मी.” आणि विसरले. शाळा सुटल्यावर बघते, तर मुंगी नळापाशी. अडीच तास. “बाई, तुम्ही आलेच म्हणालात ना,” एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तर ती मुंगी बसच्या दाराशी उभी राहून मला विचारत होती, “बाई, माझी जोडी?”

“मी आहे ना तुझी जोडी,” मी म्हटलं.

केवढी खूश झाली! बाई जोडीदार म्हणजे काय चेष्टा आहे? तिनं माझा हात असा घट्ट धरला, की बांगडी रुतली.

मी जोड्या मोजल्या. अकरा जोड्या आणि एक मुंगी.

“किती झाले बाई?” ड्रायव्हरकाकांनी विचारलं.

“साडेअकरा.”

“मुलं विचारली हो, वेळ नाही विचारली!”

सगळी बस हसली. माझ्याबरोबर खेळाचे सर होते, तेही हसले. आणि ज्याचं तोंड कधीच मिटत नसे, म्हणून ज्याला आम्ही रेडिओ म्हणायचो, तो मुलगा पुढचे दोन तास प्रत्येक फाट्याला विचारत राहिला, “बाई, किती वाजले? साडेअकरा?”

गुहेच्या तोंडाशी हिरवं लोखंडी फाटक होतं. गाइड हडकुळा, पन्नाशीचा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आवाज मात्र खणखणीत.

“दगडाला हात लावायचा नाही. का? तुमच्या पणजोबांच्या पणजोबांपासून हा खांब वाढतोय, आणि वाढलाय एवढाच.” त्यानं करंगळीचं पेर दाखवलं. “एक थेंब पडतो, चुन्याचा एक कण ठेवून जातो. घाई नाही. इथं कुणालाच घाई नाही.”

लोखंडी जिना. ओले कठडे. खाली, आणखी खाली. पिवळे दिवे लावलेले होते, त्यांच्या उजेडात दगडाचे पडदे लोंबत होते. मुलं ‘आ’ वासून बघत होती. मला फार बरं वाटत होतं. मुलांचे असे उघडे चेहरे बघण्यासाठीच तर बाई व्हायचं असतं.

सगळ्यात खालच्या दालनात गाइड थांबला. भिंतीवर लोखंडी पेटी होती, तिच्यात दिव्यांचा खटका.

“आता मी दिवे घालवणार,” तो म्हणाला. “एक मिनिट. खरा अंधार कसा असतो, ते तुम्ही कधी पाहिलेलं नाही. घरात दिवे गेले तरी कुठून तरी उजेड येतोच. इथं येत नाही.”

मुलं एकमेकांना चिकटली.

गाइडनं खटक्यावर हात ठेवला. पण खाली ओढला नाही. माझ्याकडे वळला.

“बाई, कुणी एकटं नाही ना?”

नेमकं तेव्हाच पुढे रेडिओनं भोकाड पसरलं. अख्खी सकाळ वटवट करणारा तो, आता हुंदक्यांनी गदगदत होता. मी मुंगीचा हात सोडला. “इथेच थांब,” म्हटलं आणि पुढे जाऊन त्याला जवळ घेतलं.

गाइडनं पुन्हा विचारलं. या वेळी जरा मोठ्यानं.

“कुणी एकटं नाही ना, बाई?”

आणि मी ते वाक्य बोलले.

“नाही, नाही. सगळे जोडीनं आहेत.”

इतक्या वर्षांची सवय हो. तोंडातून आपोआप निघालं.

खटका खाली गेला.

मुलांनो, तो अंधार मी तुम्हाला शिकवू शकत नाही. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे कळायला मला पापणीला बोट लावून बघावं लागलं.

टप्... टप्... कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

रेडिओचा हुंदका थांबला. सगळे श्वास रोखून उभे होते.

टप्...

टप्...

...मग ठिबकणं थांबलं.

एकदम. कुणीतरी थेंबाखाली हात धरावा, तसं.

मागच्या बाजूला ओल्या दगडावर पावलं वाजली. अनवाणी. पाच-सहा असतील, बारीक, चटचट. आमची सगळी मुलं बूट घालून होती.

“मुंगी?” मी हाक मारली.

“हो बाई.” आवाज शांत होता.

“भीती वाटत नाही ना?”

“नाही बाई. हात धरलाय.”

माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, शेजारच्या कुणाचा तरी धरला असेल.

दिवे लागले. पाणी पुन्हा ठिबकायला लागलं, जणू थांबलंच नव्हतं.

वर आल्यावर उन्हानं डोळे दिपले. फाटकापाशी मी रांग लावली आणि नेहमीसारखी डोकी मोजत गेले. एक, दोन, तीन... दहा... अकरा... बारा.

शेवटच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा केस ओले लागले. छतावरचं पाणी पडलं असेल, असं मी धरून चालले. हात पदराला पुसला आणि ओरडले, “बारा जोड्या! चला बसमध्ये!”

गाइडनं फाटक ओढून घेतलं. बस निघाली.

अर्ध्या तासानं मी बिस्किटं वाटायला उठले. एका जोडीला एक पुडा, दोघांनी मिळून खायचा. खोक्यात बारा पुडे आणले होते. मी पुढून देत देत मागे गेले. मुंगी शेवटून दुसऱ्या बाकावर, वाटेकडच्या बाजूला बसली होती. तिलाही दिला. खोकं रिकामं झालं.

परत येऊन खेळाच्या सरांशेजारी बसले. सर म्हणाले, “बाई, तुम्हाला नाही राहिला?”

“माझा मुंगीबरोबर आहे की. आमच्या दोघींत एक.”

हे बोलले... आणि तिथेच अडखळले.

मुंगीची जोडी मी. फाटकापाशी मी रांगेच्या बाहेर उभी राहून मोजत होते.

मग जोड्या अकराच भरायला हव्या होत्या. अकरा आणि एक मुंगी.

बारा कशा भरल्या?

मी उठले. या वेळी चेहरे बघत, बोटानं मोजत गेले. तेवीस मुलं. बरोबर तेवीस. एक कमी नाही, एक जास्त नाही.

मुंगीच्या बाकापाशी पोचले. खिडकीकडची जागा रिकामी होती. साऱ्या बसच्या खिडक्यांतून ऊन येत होतं, काचा कोरड्या ठणठणीत. तेवढी एक काच वाफेनं पांढरी झाली होती.

आतून.

बाकाच्या रेक्झिनवर पाणी साचलं होतं. पुडा फोडलेला होता. मुंगीनं मोजून अर्धी बिस्किटं खाल्ली होती. उरलेली अर्धी त्या ओल्या जागेवर नीट रचून ठेवली होती.

“मुंगी, इथे कोण बसलंय गं?”

“माझी जोडी.”

“तुझी जोडी मी ना?”

तिनं वर बघितलं. तक्रार नव्हती हो तिच्या डोळ्यांत. तीच गोष्ट मला आजही टोचते.

“तुम्ही सोडलात ना हात, बाई. मग हिनं धरला.”

मी वाकून बघितलं. तिचा डावा हात खिडकीकडे होता. बोटं एकमेकांवर दाबलेली, कुणी मुठीत आवळल्यासारखी. नखं निळी पडलेली. मी तिच्या मनगटाला हात लावला. बर्फ.

“सोड तो हात, बाळा.”

“घरी पोचेपर्यंत सोडायचा नाही, असं तुम्हीच सांगितलंय.”

“आता मीच सांगते. सोड.”

मुंगीनं बोटं ताणली. पुन्हा ताणली. मग पहिल्यांदाच तिचा ओठ थरथरला.

“बाई... मी सोडलाय. तीच सोडत नाहीये.”

खेळाचे सर धावत आले. “पेटका आला असेल,” म्हणत त्यांनी तिचा हात चोळायला घेतला. चोळता चोळता त्यांचा चेहरा उतरला. निळेपणा मनगटाच्या वर चढत होता. आमच्या डोळ्यांदेखत, बोट बोट.

“ड्रायव्हरकाका, बस वळवा,” मी म्हटलं.

“दवाखान्यात?”

“गुहेकडे.”

“बाई, वेड लागलंय का?” सर कुजबुजले. “सहाला पालक शाळेत येऊन उभे राहतील. फाडून खातील आपल्याला!”

“खाऊ देत.”

ड्रायव्हरकाकांनी आरशात पाहिलं. मागच्या बाकाकडे, जरा जास्तच वेळ. सकाळपासून चेष्टा करणाऱ्या त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“मी काही विचारत नाही, बाई,” ते म्हणाले. “वळवतो.”

परतीच्या वाटेवर कुणी बोललं नाही. रेडिओसुद्धा नाही. जसजशी गुहा जवळ येत गेली, तसतसा मुंगीचा हात आपोआप वर उचलला जाऊ लागला. खांद्यापासून ताठ, पुढे. लहान मूल आपल्याला ओढून काही दाखवायला नेतं ना, तसा.

गाइड कुलूप लावत होता. आम्हाला बघून थांबला. त्यानं मुंगीकडे पाहिलंच नाही. तिच्या हाताकडे पाहिलं.

“मी विचारलं होतं तुम्हाला,” तो म्हणाला. “दोनदा.”

“हो.”

“एकटं मूल असलं, की आम्ही दिवे घालवत नाही.”

“का?”

“मला माहीत नाही. माझ्या आधीच्या माणसानं सांगितलं. त्याला त्याच्या आधीच्यानं. तिला जोडी लागते, एवढंच ठाऊक आहे.”

“तिला म्हणजे कुणाला?”

त्यानं किल्ली फिरवली. फाटक उघडलं. आतले दिवे बंद होते.

“आता काय करायचं, सांगा ना!”

“हात ज्यानं सोडला, त्यानं परत धरायचा,” तो म्हणाला. “पण त्यानंतरचं मी सांगू शकत नाही, बाई. पोरीचा सुटेल. तुमचा सुटेल की नाही...”

मुंगीचा निळेपणा कोपराला टेकला होता.

मी गुडघ्यांवर बसले. वर्गात नवीन मूल यायचं, रडत असायचं, तेव्हा मी अशीच बसायची. मुंगीच्या हातापुढच्या मोकळ्या हवेकडे बघून म्हटलं, “बाळा, माझं चुकलं. हिला सोड. माझा हात धर.”

आणि माझा हात पुढे केला.

काही झालं नाही.

काहीच नाही...

मग माझ्या तळहातात चार बारीक बोटं शिरली. पाचवा अंगठा. ओली, थंडगार. हात लहान होता, सातआठ वर्षांच्या मुलाचा असतो तेवढाच. चौतीस वर्षं असे हात धरलेत मी, मला माप कळतं.

मुंगीची मूठ उघडली. ती “आई गं” म्हणाली, आणि तिच्या बोटांत रक्त परत आलं.

“सर, हिला बसमध्ये न्या,” मी म्हटलं. “मुंगी, तू बसमध्ये थांब. मी आलेच.”

आलेच.

पुढच्याच क्षणी मला ओढ बसली. जोराची नाही. शांत, सारखी. मी एक पाऊल फाटकाच्या आत गेले. बोटं सोडवायला गेले, तर माझी बोटं मला जाणवेनात. गाइडनं माझा दुसरा हात धरला, पाय रोवले. दोन पावलं आम्ही दोघंही सरकलो. पहिल्या पायरीच्या पुढे काही दिसत नव्हतं.

इथे जरा थांबते. मला थांबावं लागतं.

ते सगळं काय होतं, हे मला कळलेलं नाही. मी पुस्तकं चाळली, शहाण्या माणसांना विचारलं. कुणी म्हणालं गारठा, कुणी म्हणालं मनाचे खेळ. गाइड पुढच्याच महिन्यात काम सोडून गेला. मुंगीला आज स्वतःची मुलं आहेत. ती मला भेटायला येते, पण त्या दिवसाबद्दल दोघींपैकी कुणी बोलत नाही. मी निवृत्त झाले आणि आता या हातानं कुणा मुलाचा हात धरत नाही. नातवंडं रुसतात. रुसू देत.

पण मुंगीनं काय केलं, ते तुम्हाला सांगायलाच हवं. कारण आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझं ऐकलं नाही.

सरांच्या हातातून निसटून ती पळत आली. माझ्यापाशी थांबली नाही. मला ओढलंही नाही. सरळ पुढे गेली, पहिल्या पायरीवर उभी राहिली, आणि तोंडाभोवती दोन्ही हात धरून, शाळा सुटल्यावर एखाद्या मुलाला न्यायला कुणी आलं नाही की आमचा शिपाई ओरडायचा ना, तशी खाली अंधारात ओरडली.

“हिला न्यायला या! ही कधीची थांबलीये!”

आवाज खाली गेला. घुमला. विरला.

ठिबकणं थांबलं.

आणि आतून... खूप आतून... जिन्यावर पावलं वाजायला लागली. ही लहान नव्हती. जड होती. एकेक पायरी, सावकाश. लोखंड करकरत होतं.

माझ्या हातातली बोटं थरारली. आनंदानं की भीतीनं, हे मला आजही सांगता येत नाही.

मग ती सुटली.

मुंगीनं माझा हात धरला आणि मला ओढत, धापा टाकत बसपर्यंत नेलं. मागे गाइड फाटकावर अंग टाकून कुलूप लावत होता. मी मान वळवली नाही. माझी छाती झाली नाही.

मुंगीनं वळवली.

बसच्या पायरीवर ती थांबली, फाटकाकडे वळली आणि हात हलवून टाटा केला.

आधी समोर बघून. आपल्याएवढ्या उंचीच्या कुणाला करावा, तसा.

आणि मग... मान मागे टाकत, वर, आणखी वर बघत... पुन्हा एकदा.